शटर वर करायला हात धजत नाही – सोलापुरातले दाताचे डॉक्टर कुणी आहेत का इथे?

पूर्वभाग_दवाखाना (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, लिहिलं कधी नाही. आज लिहितेय कारण घरी बोलून झालं, आणि ज्यांना हे नीट कळेल त्या आमच्याच व्यवसायातल्या लोकांशी बोलायला जीभ रेटत नाही.

मी बीडीएस, वय ४२. पूर्व भागात माझा एका खुर्चीचा दवाखाना आहे, यंदा १६ वर्षं होतील. पेशंट म्हणजे यंत्रमागावरचे, टॉवेल कारखान्यातले, आणि विड्या वळणाऱ्या बायका. बहुतेकांची भाषा तेलुगू, ती अजिबात यायची नाही मला, इथे बसून बसून शिकले. "नोरु तेरवंडी" म्हणजे तोंड उघडा, "नोप्पी" म्हणजे दुखणं, एवढ्यावर सुरुवात केली होती आणि आता त्यांच्या घरातल्या लग्नाच्या याद्या पण मला कळतात. हे सगळं मला मनापासून आवडायचं, म्हणून सांगतेय.

गेले आठ-नऊ महिने काय व्हायलंय ते सांगते. सकाळी साडेनऊला दवाखान्यासमोर गाडी लावते आणि शटर वर करायला हातच धजत नाही. पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं तशीच गाडीवर बसून राहते. समोरचा किराणावाला विचारतो, मॅडम किल्ली विसरली काय.

सुरुवात कुठून झाली ते मला माहितीये. मे महिना, ४३ डिग्री, एका बाईची खालची उजवी पहिली दाढ, म्हणजे आमच्या भाषेत ४६, रूट कॅनाल चालू होतं. पुढच्या मुळातला कॅनाल वाकडा आणि बारीक, आणि त्यात फाईल, म्हणजे कॅनाल साफ करायची बारीक सुई, तुटली, शेवटचा तीन एक मिलिमीटरचा तुकडा आत राहिला. हे होतं. चांगल्या चांगल्या हातून होतं, पुस्तकात आहे, कॉलेजमध्ये शिकवतात. मी लगेच एक्स-रे काढला, त्यांना दाखवला, समजावून सांगितलं की तुकडा निर्जंतुक आहे, त्याच्या बाजूने साफ करून भरता येतं नाहीतर मायक्रोस्कोपवाल्या एमडीएस, म्हणजे बीडीएसच्या पुढचं शिकलेल्या, डॉक्टरांकडे पाठवते, त्यांची फी मी देते. बाई समजल्या होत्या. संध्याकाळी त्यांचे मिस्टर आले दोन माणसं घेऊन, मोबाईलवर शूटिंग चालू, "डॉक्टरने सुई तोंडात तोडली" असं ओरडत. तो व्हिडिओ दोन दिवस आमच्या भागातल्या ग्रुपांवर फिरला. दाढ आज ठीक आहे, बाई चावून खातात. पण मी तेव्हापासून प्रत्येक फाईल आत घालायच्या आधी तीन तीन वेळा उजेडात धरून बघते, आणि वाकड्या कॅनालचा एक्स-रे दिसला की पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट सांगायची जास्त लाज वाटते. मी पेशंटना नावाने ओळखणारी होते. हल्ली नुसत्या दाताच्या नंबराने असिस्टंटला म्हणते, "३६ ला बसव, ४६ ला थांबायला सांग." परवा एक आजी रडत होत्या, इंजेक्शनच्या भीतीने, आणि मला फक्त वाटलं की हिचे दहा मिनिटं जातील. तेवढंच वाटलं. घरी गेल्यावर त्या विचाराने मला झोप आली नाही.

मान दुखते, उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात. सुट्टी घे म्हणतात सगळे. कशी घेऊ? दवाखान्याचं भाडं, खुर्चीचा हप्ता, लॅबचं बिल, असिस्टंटचा पगार हे सगळं शटर खाली असलं तरी चालू. नोकरीवाल्याला रजा असते. माझं शटर ज्या दिवशी खाली त्या दिवशी शून्य, आणि वर मनात ही भीती की आज सुजून आलेला माणूस दुसरीकडे गेला की तो आणि त्याचं अख्खं घर परत येणार नाही.

तुम्ही थांबता कसे, एवढंच विचारायचंय.

---

सातरस्ता_जुनी_खुर्ची

डॉक्टर, आधी एक सांगतो, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी ३१ वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि ३१ वर्षांत एकाही मीटिंगमध्ये कुणी असं बोललेलं ऐकलं नाही. आपण भेटलो की इम्प्लांट कुठल्या कंपनीचं आणि झिरकोनियाचा लॅबचा रेट काय, याच्या पलीकडे जात नाही.

मुंग्या येतायत त्याकडे दुर्लक्ष करू नका, हे मी हात जोडून सांगतो. माझं मानेचं ऑपरेशन झालंय. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं आणि आपण ते दिवसभर पुढे लटकवून ठेवतो, वरून कमरेत पीळ. मी वीस वर्षं तसाच वाकून तोंडात बघत होतो कारण आम्हाला शिकवलंच तसं. पेशंटला पूर्ण आडवं करा, त्याचं तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला आणा. वरच्या दाढा बघायला आरशातून काम करायची सवय लावा, वाकून बघू नका. लूप्स, म्हणजे भिंगाचा चष्मा, घ्या, अडीच पटीचे पुरतात, पण मापं देऊन बनवून घ्या, दुसऱ्याचे वापरले तर मान उलट जास्त जाते. आणि सक्शन धरायला माणूस शेजारी असलाच पाहिजे, एकटीने दोन्ही हातांनी सगळं करू नका. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, एमआरआय सांगितला तर काढा. "बघू नंतर" असं मीही म्हणत होतो.

फाईलचं म्हणाल तर माझ्या हातून किती तुटल्या मोजल्या नाहीत. तुम्ही लगेच सांगितलंत, एक्स-रे दाखवलात, पुढचा मार्ग दिलात. याच्यापेक्षा जास्त कुणी काय करणार? फक्त पुढच्या वेळेपासून सुरू करायच्या आधीच संमतीपत्रावर मराठीत आणि तेलुगूत लिहून घ्या की कॅनाल वाकडा असेल तर असं होऊ शकतं. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात धरली, तेव्हापासून आपल्याकडचा कागद हाच आपला साक्षीदार आहे. आधी सांगितलेलं पेशंटला माहिती वाटते, नंतर सांगितलेलं सबब वाटते.

---

सांगोला_डाळिंब

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. वाईट वाटून घेऊ नका ताई पण खरं बोलतो. एसीत बसून काम, एका दाढेचे तीन-चार हजार, आणि तरी ताण? आमच्याकडे डाळिंबावर तेल्या रोग आला की एका आठवड्यात बाग जाते, वर्षाचं पीक डोळ्यासमोर काळं पडतं, आम्ही कुणाला सांगायचं?

---

पूर्वभाग_दवाखाना

दादा, वाईट नाही वाटलं. तुमचं दुःख माझ्यापेक्षा लहान आहे असं मी कधीच म्हणणार नाही, माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं आहे, वडिलांची द्राक्षं होती, गारपिटीत गेलेली बाग मी लहानपणी बघितलीये.

एसीचं मात्र सांगते. माझ्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं आणि खुर्चीला पाणी लागतंच, ड्रिल फिरतं मिनिटाला तीन-चार लाख वेळा, पाण्याशिवाय चालवलं तर दात भाजून निघेल. मग बाराही महिने जार आणून टाकी भरणं, कॉम्प्रेसर बंद पडला की मेकॅनिकला फोन, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, मास्क, टोपी, चष्मा लावून घामात काम. तीन-चार हजारातले लॅब, मटेरियल, भाडं, पगार गेले की हातात काय राहतं ते मी तुम्हाला वहीत दाखवू शकते. माझ्या पेशंट बायका हजार विड्या वळतात तेव्हा दिवसाची मजुरी मिळते, त्यांना मी चार हजार सांगू शकतच नाही. त्या म्हणतात मॅडम काढून टाका दाढ, परवडत नाही. वाचवता येणारी दाढ काढताना दर वेळी काहीतरी तुटतं माझ्यात, आणि ती वाचवायची तर अर्ध्या पैशात करून महिनाअखेरीला हप्ता चुकतो. दोन्हीकडून मीच.

---

अशोकचौक_९ते९

मॅडम मी डेंटल असिस्टंट आहे तुमच्याकडची नाही दुसऱ्या दवाखान्यातली, अकरा वर्षं झाली. लिहू का नको लिहू करत होते पण लिहिते. तुम्ही डॉक्टर लोक थकलात की तुम्हाला थकवा म्हणता येतं आम्हाला कामचुकार म्हणतात. सकाळी नऊला येऊन झाडायचं ट्रे लावायचे, दिवसभर उभं राहून सक्शन धरायचं, रात्री सगळी अवजारं घासून धुऊन ऑटोक्लेव्हला लावायची १२१ डिग्रीला, ती गार होईपर्यंत घरी जाता येत नाही, साडेनऊची शेवटची रिक्षा चुकली की नवऱ्याला बोलवायचं मग त्याचं तोंड. आणि दिवसभर पेशंटवर काढता येत नाही तो राग आमच्यावर निघतो. माझ्या डॉक्टरांनी पेशंटसमोर मला मूर्ख म्हटलं होतं, चिमटा चुकीचा दिला म्हणून. नंतर माफी पण मागितली पण ते पेशंटसमोर नाही मागितली.

सरांचं मन चांगलंय हे मला माहितीये म्हणूनच अकरा वर्षं राहिले. पण थकवा खुर्चीच्या दोन्ही बाजूला असतो एवढं लक्षात ठेवा.

---

पूर्वभाग_दवाखाना

ताई, तुमची पोस्ट मी चार वेळा वाचली. माझ्याकडची मुलगी सात वर्षं आहे. मी पण ओरडते. गेल्या महिन्यात दोनदा ओरडले, दोन्ही वेळा चूक तिची नव्हती. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. उद्या तिच्याशी बोलते.

---

रात्रीची_सिद्धेश्वर

मी मूळची सोलापूरची, बीडीएस होऊन तीन वर्षं झाली, पुण्यात एका साखळी दवाखान्यात असोसिएट आहे, नाव नाही लिहीत. तुम्हाला सगळ्यांना स्वतःचा दवाखाना आहे म्हणून शटरचं टेन्शन, मला दुसरंच आहे. महिन्याला टार्गेट असतं. किती पेशंट आले त्यातल्या किती जणांनी मोठी ट्रीटमेंट घेतली याचा आकडा सोमवारी सगळ्यांसमोर वाचतात. फिलिंगने भागणाऱ्या दाताला कॅपपर्यंत नेलं नाही तर सिनिअर विचारतात "का सोडलं". मी पाच वर्षं शिकले ती इंटर्नशिप धरून, आणि आता मला तोंडात बघायच्या आधी मॅनेजरचा चेहरा दिसतो. दोन वेळा एमडीएसची नीट प्रवेश परीक्षा दिली, पाहिजे ती सीट नाही मिळाली, प्रायव्हेटची फी घरी विचारायची पण हिंमत नाही, वडील हातमागावरून रिटायर झाले.

मी सोलापूरला परत यायचा विचार करते आणि मग असे धागे वाचून भीती वाटते की तिथे पण हेच. पण मॅडम एक सांगू, तुम्ही अर्ध्या पैशात दाढ वाचवता आणि त्याचा त्रास होतो म्हणताय. मला मी न लागणाऱ्या कॅपा बसवते त्याचा होतो. तुमचा त्रास मला मिळाला तर मी घेईन.

---

मनाचा_दवाखाना

मी सोलापुरातच मानसोपचार करतो. इथे निदान करणार नाही, तसं करूही नये, पण धाग्यात दोन-तीन गोष्टी एकत्र मिसळल्यात त्या सुट्या करून सांगतो.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने वापरात आला १९७४ साली, हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाच्या लेखातून. तो स्वतः फुकट चालणाऱ्या दवाखान्यात रात्री राबत होता आणि सोबतचे स्वयंसेवक हळूहळू विझत जाताना बघत होता. बघा, सेवा म्हणून काम करणाऱ्यांपासूनच याची सुरुवात आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली केली. त्यात तीन भाग आहेत. एक, मनाने पार रिकामं होणं. दोन, समोरचा माणूस माणूस न वाटणं, तो आकडा किंवा केस वाटायला लागणं. आणि तीन, आपण केलेल्या कामाला काही किंमत नाही असं वाटणं. डॉक्टर, तुम्ही जे "३६ ला बसव" लिहिलंय ते यातलं दुसरं. तो तुमचा दुष्टपणा नाही. जळत्या वस्तूवरून हात आपोआप मागे येतो तसं मन मागे सरकतं. आजी रडल्या त्या रात्री तुम्हाला झोप आली नाही, याचा अर्थ तुमच्यातलं मूळचं जागं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत, २०१९ साली ती स्वीकारली, बर्नआउट हा आजार म्हणून धरलेला नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून धरलाय. याचा व्यवहारात अर्थ असा की नुसतं माणसाला दुरुस्त करून भागत नाही, काम पण बदलावं लागतं. सकाळी प्राणायाम करा आणि मग बारा तास तसंच बसा, याने काही होत नाही.

पण नैराश्य वेगळं. साधी खूण सांगतो. कामावरून चार दिवस लांब गेल्यावर, भावाच्या लग्नात, मुलांसोबत, जीव थोडा वर येतो का? येत असेल तर मूळ बरंचसं कामात आहे. तिथेही सगळं राखाडीच वाटत असेल, भूक-झोप गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते बर्नआउट म्हणून अंगावर काढू नका, लगेच दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि एक, दाताचे डॉक्टर सगळ्यात जास्त आत्महत्या करतात असं एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतं. त्याला भक्कम आधार नाही. तरुण मुलं ते वाचून घाबरतात, कृपया पुढे पाठवू नका.

---

जुळेसोलापूर_नवरा

माझी बायको दंतवैद्य आहे. घरून कसं दिसतं ते लिहितो. रात्री साडेनऊला ती येते, पहिली पंधरा मिनिटं कुणी बोललेलं चालत नाही, टीव्हीचा आवाज पण नाही, कारण दिवसभर त्या ड्रिलची शिट्टी कानात असते. जेवताना फोन वाजला की तिचा घास हातात थांबतो. रात्री अकराला मेसेज येतो "मॅडम सूज आली फोटो पाठवलाय", ती फोटो बघितल्याशिवाय झोपत नाही. एक दिवस गड्ड्याच्या जत्रेत आम्ही सगळे होतो, होम मैदानावर, पोरं पाळण्यात बसली होती आणि ती कोपऱ्यात उभी राहून कुणाला तरी औषधाचा डोस सांगत होती.

सगळ्यात वाईट म्हणजे तिने झोपेची गोळी स्वतःच सुरू केली होती. डॉक्टर असल्यामुळे मेडिकलवाला काही विचारत नाही. मला सहा महिन्यांनी कळलं. अर्धीची एक झाली होती. इथे जे डॉक्टर वाचतायत त्यांनी हे करू नका, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, लाज सोडा. तिची ती बंद करायला पण हळूहळू, मानसोपचारवाल्यांच्या हाताखाली करावी लागली, एकदम सोडलं तर जास्त त्रास झाला असता.

---

पूर्वभाग_दवाखाना

गोळीचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या पर्समध्ये एक पट्टी आहे. आठवड्यातून दोनदा घेते. कुणालाच माहीत नाही, आता इथे लिहिलं म्हणजे झालं. मनाचा दवाखाना सर, मी उद्याच एका डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेते.

आणखी एक आहे, ते कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे पण सुपारी-तंबाखूचा मावा कोपऱ्याकोपऱ्यावर मळून मिळतो. दर आठवड्याला दोन-तीन पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं पण शिरत नाहीत, गाल आतून दोरीसारखे ताठ झालेले. गेल्या वर्षी एक २८ वर्षांचा मुलगा दाढ दुखते म्हणून आला. जिभेच्या कडेला जखम, कडा कठीण, मानेत गाठ. मी बघितलं आणि कळलं. त्याला सिव्हिलला पाठवलं, चिठ्ठी लिहिली, सोबत त्याची बायको, कडेवर लेकरू. त्याने विचारलं मॅडम काही मोठं नाही ना. मी म्हटलं तपासून घेऊ. तो माझ्याकडे फी द्यायला लागला, मी घेतली नाही. दाताच्या डॉक्टरला कुणी मरणाबिरणाशी जोडत नाही, पण तोंडाचा कॅन्सर पहिल्यांदा आम्हीच बघतो आणि त्यानंतर पाच मिनिटांत पुढच्या पेशंटचं हसत हसत स्केलिंग करायचं असतं. त्या पाच मिनिटांचं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नाही.

---

विडीवालीचा_पोरगा

मॅडम नमस्कार. तुम्ही कोण मला माहीत नाही पण पूर्व भागात दाताचे जे दवाखाने आहेत त्यातल्याच एकात माझी आई जाते. आई मिश्री लावते, विड्या वळते, मराठी कमी येतं. मी एकदा रात्री दहाला डॉक्टरांना फोन करून भांडलो होतो की औषधाने दुखायचं थांबत नाही म्हणून. त्यांनी शांतपणे सांगितलं, सकाळी घेऊन या. सकाळी गेलो तर त्यांनी भांडणाचं नाव पण काढलं नाही, आईशी तेलुगूत बोलल्या. आज हे सगळं वाचल्यावर लई वाईट वाटायलंय. आम्हाला वाटतं दवाखाना उघडाय म्हणजे डॉक्टरला काही होत नसतं.

डॉक्टर गुरुवारी बंद आहे असा बोर्ड लावला ना, तर आमची माणसं शुक्रवारी येतील. खरंच येतील. आमच्यात एकदा हात बसला की माणूस डॉक्टर बदलत नाही.

---

सांगोला_डाळिंब

ताई परत आलोय. पहिली पोस्ट टाकली ती तोंडाला येईल तशी टाकली, त्याबद्दल माफी असावी. घरी बायकोने वाचली आणि बोलली.

तुम्ही सगळे ताण ताण लिहिताय म्हणून आमच्याकडचा ताण सांगतो. डाळिंबाला बहार धरायचा तर झाडाला मुद्दाम ताण देतात. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग छाटणी, मग खत, मग पाणी, की फूल धरतं. म्हणजे ताण वाईट असतोच असं नाही. पण जमीन बघून, झाडाचं वय बघून ताण द्यायचा, आणि ताण तोडायचा दिवस चुकवायचा नाही. तो दिवस चुकला की झाड सुकतं, मग कितीही पाणी सोडा. आणि वर्षात एकच बहार धरायचा. आमच्या शेजाऱ्याने लोभाने आंबे बहार धरून परत त्याच झाडांवर हस्त बहार धरला, दोन वर्षांत बाग काढून टाकावी लागली. तुमचं दवाखान्याचं ऐकून मला ते झाड दिसलं. तुम्ही पाणी तोडलंय आणि सोडायचा दिवस ठरवलेलाच नाही.

---

सातरस्ता_जुनी_खुर्ची

सांगोलेकर, तुम्ही लिहिलंत ते मी कागदावर उतरवून दवाखान्यात लावणार आहे.

डॉक्टर, आता कामाचं बोलतो. तुमची भीती काय, तर सुजलेला पेशंट दुसरीकडे गेला की परत येत नाही. ही भीती मला पण होती, म्हणून ऑपरेशननंतर दीड महिन्याऐवजी तीन आठवड्यांतच खुर्चीवर बसलो आणि त्याचे परिणाम भोगतोय. आपण एक करू. तुम्ही, मी, आणि विजापूर रोडवरची माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला विचारतो. तिघांनी आठवड्यातला एक एक दिवस बंद ठेवायचा, वेगवेगळा. ज्याचा बंद त्याच्या फोनवर दुसऱ्याचा नंबर. नियम तीनच. इमर्जन्सीच बघायची, म्हणजे सूज, रक्त, असह्य दुखणं, पडून तुटलेला दात. जेवढं लागेल तेवढंच करायचं, दाढ उघडून पस काढायचा, औषध द्यायचं, पुढची ट्रीटमेंट सुरू करायची नाही. आणि चिठ्ठी देऊन मूळ डॉक्टरकडे परत पाठवायचं, स्वतःचं कार्ड द्यायचं नाही. फी ज्याने बघितलं त्याची.

मला व्यक्तिगत मेसेज करा.

---

अशोकचौक_९ते९

आणि त्या दिवशी असिस्टंटला पगारी सुट्टी ना सर?

---

सातरस्ता_जुनी_खुर्ची

हो ताई. पगारी. हा चौथा नियम.

---

पूर्वभाग_दवाखाना (अडीच महिन्यांनी)

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते, उशीर झाला.

एमआरआय झाला. मानेत दोन मणक्यांमध्ये चकती सरकलीये, नस थोडी दाबली जातेय, ऑपरेशन सध्या नको म्हणाले. फिजिओ चालू आहे, लूप्स मापाने बनवून घेतले, पहिले पंधरा दिवस डोकं गरगरलं, आता सवय झाली. बोटांच्या मुंग्या कमी आहेत, गेल्या नाहीत. गोळीची पट्टी मानसोपचार डॉक्टरांकडे नेऊन टेबलावर ठेवली. ते रागावतील वाटलं होतं, त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस झाले. दोन आठवड्यांनी एकदा जाते. फाईलची भीती अजून आहे. वाकडे कॅनाल मी सध्या पुढे पाठवते आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचा नाही असं ठरवलंय, जमतंय काही दिवस, काही दिवस नाही.

असिस्टंटशी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली मॅडम संध्याकाळी आठला शेवटचा पेशंट घ्या, मला पोरीचा अभ्यास घ्यायचा असतो. सात वर्षांत तिने पहिल्यांदा काही मागितलं. आता आठ. मोठी दाढ असली की नंतर वीस मिनिटं अपॉइंटमेंट ठेवत नाही, तेवढ्यात चहा पिते, नाहीतर नुसती खिडकीशी उभी राहते. तोंडात वाईट काही दिसलं तर पण त्याच वीस मिनिटांचा उपयोग करते. महिन्याचा गल्ला कमी झालाय. खुर्चीचा हप्ता बँकेत जाऊन लांबवून घेतला.

आणि गुरुवार बंद. पहिल्या गुरुवारी मी घरी फोन हातात घेऊन बसले होते दिवसभर. दुपारी तीनला एका चादर कारखान्यातल्या काकांचा फोन, गाल सुजलाय, डोळ्यापर्यंत आलंय. मी सात रस्त्याचा पत्ता सांगितला आणि मला रडू आलं, खरं सांगते, वाटलं गेले हे. सहा वाजता सरांचा मेसेज आला. "दाढ उघडून पस काढला, औषध दिलंय, ताप नाही. शुक्रवारी तुमच्याकडे पाठवतो."

शुक्रवारी काका साडेनऊच्या आधीच पायरीवर बसले होते, हातात सरांची चिठ्ठी. मी गाडी लावली तर तेच उठून शटरला हात लावायला लागले, म्हणाले मॅडम तुमच्या मानेला त्रास आहे म्हणाले ते डॉक्टर, मी करतो वर.

---

रात्रीची_सिद्धेश्वर

मॅडम, मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडून सोलापूरला येतेय. तुमच्या त्या ग्रुपमध्ये मंगळवार कुणाचा आहे का?

---

सातरस्ता_जुनी_खुर्ची

मंगळवार रिकामा आहे. आल्यावर दवाखान्यात ये, दुपारी चारनंतर मी असतो.

---

बार्शीकरीण_दंतवैद्य

आमच्याकडे बार्शीत असं कुणी करायला तयार असेल तर मला मेसेज करा. दोघी जणी आहोत, तिसरं कुणीतरी पाहिजे.